पॉइंटांवरची सहल

कुरिअरवाला आमचं क्रेडिट कार्ड घेऊन आला त्या सकाळी मी दोन बादल्या घेऊन बिल्डिंगच्या खाली उभी होते. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही मीरा रोडला वन-बीएचके घेतला, त्याला चारेक वर्षं झाली होती. बिल्डरने हवा, उजेड आणि मोकळ्या जागेबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. पाण्याबद्दल तो काही बोलला नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गिरगावातल्या माणसाला हा प्रश्न सुचणार तरी कुठून? सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला आमचे हे एकटेच वेळेवर पोचले, म्हणून त्यांना सेक्रेटरी केलं गेलं. तेव्हापासून टँकर मागवायचं काम आमच्या घरात आलं, आणि टँकर न आल्यावर शिव्या खायचंही.

तर त्या पाकिटात एक चकचकीत कार्ड आणि त्याहून चकचकीत एक पुस्तिका होती. ह्यांच्या फोर्टमधल्या ऑफिसात एका परदेशी बँकेचा टायवाला मुलगा आला होता आणि त्याने सगळ्या स्टाफकडून सह्या घेतल्या होत्या. बाकीच्यांनी कार्ड कपाटात ठेवून दिलं. आमच्या ह्यांनी पुस्तिका वाचली. सगळी वाचली, शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत, आणि जेवताना जाहीर केलं, "ह्यात नुकसान नाहीच मुळी. आपण एरवी जो खर्च करतो तोच करायचा. बिल आलं की मुदतीच्या आत सगळं भरून टाकायचं, व्याजाचा एक पैसा द्यायचा नाही. वर पॉइंट मिळतात, ते फुकट. पॉइंट साठले की वस्तू."

"कोण देतं फुकट?" सासूबाईंनी विचारलं.

"बँक."

"तिला काय पडलंय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं.

पहिली अडचण अशी की मीरा रोडला कार्ड चालायचंच नाही. आमच्या वाण्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं आणि "भाभी, इसका मैं क्या करूँ?" असं म्हणून अदबीने परत दिलं. केमिस्टने ते ओळखपत्र समजून माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहब, पुलिस में हो?" कार्ड घेणारं सगळ्यात जवळचं दुकान बोरिवलीला. तिथे एक लोखंडी पट्टी असायची. तिच्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची चिठ्ठी ठेवायची आणि दट्ट्या इकडून तिकडे सरकवायचा. त्याचा खटॅक असा आवाज झाला की आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरायचं! लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं.

दुसरी अडचण माझी होती. आमचा मिक्सर चटणी वाटताना जळकट वास सोडायला लागला होता, आणि पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर मिक्सर होता.

"मिक्सर घेणं म्हणजे पॉइंट पाण्यात घालणं," हे म्हणाले. "मी हिशोब केलाय. मिक्सरवर एका पॉइंटला जेमतेम चार आणे सुटतात. आणि हे बघ." त्यांनी शेवटचं पान उघडलं. "दोघांसाठी दोन रात्री. निवडक रिसॉर्ट. इथे एका पॉइंटला जवळजवळ रुपया."

फोटोत निळंशार पाणी होतं, मागे डोंगर होते, पांढऱ्या खुर्च्यांवर एक जोडपं बसलं होतं. खाली लिहिलं होतं की शहराच्या गजबजाटापासून दूर, नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत. मी फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "बाईच्या अंगावर कपडे कमी आहेत, पण जागा चांगली आहे."

"मला नारळ वाटायचाय," मी ह्यांना म्हटलं. "तो पॉइंटच्या भावात वाटता येत नाही."

महिन्याभरात मिक्सर जळलाच. बोरिवलीहून नवा आणला, कार्डावर. त्याचेही पॉइंट मिळाले म्हणून हे खूश. घरातली वस्तू जळल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पण रिसॉर्टसाठी लागणारे पॉइंट आमच्या दोघांच्या पगारात जमायचे म्हणजे ह्यांच्या निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं असतं. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, हे एका खाजगी कंपनीच्या स्टोअर्स विभागात. दोघांचा मिळून खर्च तो काय असणार? तेव्हा ह्यांना युक्ती सुचली. खर्च दुसऱ्याचा, कार्ड आपलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही मोठं घ्यायचं असलं की आपण बरोबर जायचं, बिल कार्डावर करायचं, आणि त्यांनी रोख आपल्या हातात द्यायची.

सुरुवात समोरच्या बेनपासून झाली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती कुटुंब होतं आणि त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बेन आमच्याशी मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलायच्या, आणि आम्हाला त्या तिन्ही समजायच्या. ह्यांनी त्यांना योजना समजावून सांगितली. बेननी शांतपणे ऐकली.

"एमां मारो शुं फायदो?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तोटा काही नाही," हे म्हणाले.

"ए तो फायदो न्हाय ना, भाई."

शेवटी असं ठरलं की खरेदीला हे बरोबर येतील, सामान उचलतील आणि रिक्षाचे पैसेही देतील. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात माझ्याबरोबर साडी घ्यायला गेले की पाचव्या मिनिटाला दुकानाबाहेर जाऊन उभे राहणारे हे गृहस्थ, बेनच्या मुलीच्या शालूसाठी बोरिवलीच्या गादीवर मांडी घालून अख्खी दुपार बसले. वर मत दिलं. "हा जरा फिका वाटतो, बेन. तो भारीतला बघा."

"तमे चूप रहो, भाई," बेन म्हणाल्या. भारीतल्या शालूचे पॉइंट जास्त, हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

भाव करताना तर त्यांनी ह्यांची शाळाच घेतली. पहिल्या दुकानात हे आत शिरल्या शिरल्या "कार्ड चालतं ना?" असं विचारून मोकळे झाले, आणि दुकानदाराने एक रुपया कमी केला नाही. बाहेर आल्यावर बेन फुटपाथवरच थांबल्या. "भाई, कार्ड खिशामा ठेवायचं. पहले भाव, पछी कार्ड. बिल बनी जाय, एटले काढायचं." पुढच्या दुकानात फ्रिजचा भाव त्यांनी बराच खाली आणला, बिल लिहून झालं, आणि मग ह्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली. हे पुढे झाले. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण त्याने बिलावर सही केलेली होती.

रोख बेन त्याच संध्याकाळी आणून द्यायच्या, रुमालात बांधून. सासूबाईंना मात्र हा प्रकार पटेना. घरात परक्याचे पैसे येताहेत, मुलगा रविवारी दुसऱ्यांच्या सामानाबरोबर फिरतोय.

"तू नोकरी सोडून दलाली करायला लागलास का रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"दलाली कसली आई, पॉइंट मिळतात."

"मग दलालच बरा. त्याला पैसे तरी मिळतात."

बेनच्या मुलीचं लग्न झालं. तळमजल्यावरच्यांचा टीव्ही झाला. दुसऱ्या मजल्यावर मराठवाड्यातून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांचं कपाट झालं. ते काका बँकेतच नोकरीला होते, सरकारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, तुम्हाला रिसॉर्टला जायचं असेल तर सरळ पैसे भरून का नाही जात?" हे त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत राहिले की बिचाऱ्यांनी विषय बदलला.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा बँकेचं पत्रक आलं. साठलेले पॉइंट ह्या महिन्याअखेर वापरले नाहीत तर रद्द होतील. आणि आम्ही थोडक्यात कमी पडत होतो. हे जेवेनासे झाले. जेवायचे, पण मधेच घास हातात धरून भिंतीकडे बघायचे. बिल्डिंगमध्ये कुणाला काही घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, डिनर सेट घेऊन टाकू, सुटू यातून. तर म्हणाले, "डिनर सेटला एका पॉइंटला तीस पैसे पडतात गं," आणि त्या आवाजात इतकं दुःख होतं की मला हसताही येईना.

तेव्हा सासूबाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक कापडी पिशवी काढली. "माझ्या पाटल्या झिजल्यात," त्या म्हणाल्या. "नव्या करायच्याच होत्या. वर घालायचे पैसे आहेत माझ्याकडे, तुझ्या वडिलांच्या पेन्शनीतले. चल, कुठे ते खटॅक करतात तिथे."

"आई, तुम्हाला तर कार्ड पटत नाही ना?" मी विचारलं.

"नाहीच पटत. पण हा असं तोंड करून बसला की मला तो दहावीला गणितात राहिला होता तेव्हासारखा दिसतो."

बोरिवलीच्या सराफाकडे आम्ही तिघं गेलो. पाटल्या पसंत पडल्या, जुन्यांचं वजन झालं, घडणावळीवरून सासूबाईंनी सराफाला घाम फोडला, बिल झालं. ह्यांनी कार्ड काढलं, पण सराफ बेनच्या दुकानदारापेक्षा हुशार होता.

"माँजी, कार्ड पे दो टका एक्स्ट्रा लगेगा."

"कसले दोन टक्के?" सासूबाईंनी विचारलं.

"वो कार्ड घिसने का."

"घासायचे दोन टक्के?" सासूबाईंनी पदर खोचला. "आणा ते यंत्र इकडे. मी घासते. जन्मभर भांडीच घासली आहेत."

दुकानातल्या बाकीच्या बायका वळून बघायला लागल्या. एकीने तर "बरोबर आहे आजींचं" असं म्हटलंसुद्धा. सराफाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दट्ट्या सरकवला. खटॅक. रिक्षात बसल्यावर ह्यांनी आईचा हात हातात घेतला तो मीरा रोड येईपर्यंत सोडला नाही. मला वाटलं भरून आलं असेल. नंतर कळलं, पाटल्या नव्या होत्या म्हणून धरला होता. बहुतेक दोन्ही असावं.

व्हाउचर जाड, सोनेरी काठाच्या पाकिटातून आलं. ह्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि मगच फोडलं. मी स्वयंपाकघरात होते. हात पुसत डोकावले, तर हे पाकीट हातात धरून उभे.

"कुठलं आलं?" मी विचारलं. "माथेरान? लोणावळा?"

"जवळच आहे," हे म्हणाले.

"जवळ म्हणजे?"

त्यांनी कागद माझ्याकडे दिला. घोडबंदर रोड, वरसावे.

वरसावे म्हणजे आमच्या घरून काशीमिरा नाक्यावरून हायवेला लागायचं आणि खाडीवरचा पूल दिसला की उतरायचं. रिक्षाने वीस मिनिटं, ट्रक आडवा गेला तर पंचवीस. त्या पुस्तिकेतली नदी म्हणजे आमची वसईची खाडी होती, आणि डोंगर तेच, जे मला रोज गॅलरीतून कपडे वाळत घालताना दिसायचे. फोटो मात्र भलत्याच ठिकाणचा होता. तसं शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंही होतं, की छायाचित्र नमुन्यादाखल. ते ह्यांनी वाचलं होतं. पण तसं तर सगळेच लिहितात, असं त्यांना वाटलं होतं.

मी जमिनीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं, आणि मला सांगताच येईना. ह्यांनी मात्र कागदाची नीट घडी घातली. "दोन वर्षं घालवली आहेत," ते म्हणाले. "जायचं म्हणजे जायचं."

बुकिंगसाठी फोन केला तो मी शेजारी उभी राहून ऐकला. तिकडच्या मुलाने विचारलं, "सर, आप कहाँ से आएँगे? पुणे, नाशिक?"

"मीरा रोड."

मग तो मुलगा अदबीने म्हणाला, "तो सर, रात को आप घर जाएँगे क्या?"

व्हाउचर फक्त आठवड्याच्या मधल्या वारांना चालत होतं आणि त्यात जेवण धरलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी रजा टाकल्या. बेननी थेपल्यांचा डबा दिला, सासूबाईंनी लाडू आणि चिवडा. सूटकेस घेऊन रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याने विचारलं, "गाँव जा रहे हो, साहब?" हे म्हणाले, हो.

रिसॉर्ट वाईट नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. खोलीतली पांढरी चादर इतकी ताणून बसवली होती की तिच्यावर बसायला जीव होईना. खिडकीतून खाडी दिसायची, पुलावरचे ट्रक दिसायचे. मागच्या अंगणात तरणतलाव होता, पण त्यात पाणी गुडघ्याएवढंच. "आज भर जाएगा," असं पोऱ्या सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे रिसॉर्टचा पांढरा झुळझुळीत झगा घालून, कमरेला पट्टा बांधून, अगदी पुस्तिकेतल्या माणसासारखे बाहेर जाऊन खुर्चीवर बसले. मी चहा घेऊन बाहेर येतेय तोच भिंतीपलीकडून टँकर आत आला. त्याचा जाड पाइप तरणतलावात सोडला गेला, आणि पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला.

हे खुर्चीतून ताडकन उठले.

टँकर आमचा होता. म्हणजे आमच्या सोसायटीला पाणी द्यायचा तोच, काशीगावच्या विहिरीवरून भरून येणारा, मागे निळ्या रंगात देवाचं नाव लिहिलेला. कॅबिनमधून उतरला तो काशीगावचाच ड्रायव्हर, ज्याला हे परवापासून फोन करत होते.

"काय रे!" हे ओरडले. "परवा येतो म्हणालास ना? पाणी नाही म्हणालास ना विहिरीला?"

ड्रायव्हरने आधी झग्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. ओळख पटायला जरा वेळ लागला. "साहेब? तुमी हितं?"

"मी कुठेही असेन! बिल्डिंगमध्ये पाणी नाही दोन दिवस!"

"पानी हाय साहेब," तो अगदी समजुतीने म्हणाला, "पन तुमचा नंबर न्हाय. नंबर उद्या हाय."

"आणि ह्यांचा?"

"ह्यांचा रोजच हाय."

मग जे झालं ते मी चहाचा कप हातात धरून पाहिलं. हे गरजले. ड्रायव्हरने हात जोडले. मॅनेजर धावत आला आणि त्याने ह्यांना 'सर' म्हणून शांत करायला सुरुवात केली, कारण त्याच्या दृष्टीने हे पाहुणे होते. "सर, आपके स्विमिंग के लिए ही मँगवाया है."

"मुझे स्विमिंग आता ही नहीं!" हे ओरडले, आणि ते खरं होतं.

शेवटी तोड निघाली. तलाव अर्धा भरला होता, तेवढा पुरे. उरलेला अर्धा टँकर आत्ताच्या आत्ता आमच्या सोसायटीला. पण ड्रायव्हर मधेच कुठे भलतीकडे वळेल ह्याची ह्यांना खात्री वाटेना. म्हणून हे स्वतःच कॅबिनमध्ये चढून बसले. त्या झग्यात. मी "अहो, कपडे तरी..." म्हणेपर्यंत टँकर फाटकाबाहेर पडलासुद्धा.

बिल्डिंगमध्ये काय झालं ते मला बेनकडून कळलं. टँकर आला म्हणून सगळे बादल्या घेऊन खाली धावले, तर दार उघडून पांढऱ्या झग्यातले सेक्रेटरी उतरले. तळमजल्यावरच्या आजींनी नमस्कार केला. बेन म्हणाल्या, "भाभी, मने लाग्युं, भाई साधू थई गया."

आणि मी? मी त्या दिवशी सकाळपासून तिथे एकटी होते. आधी वाटलं, मागोमाग जावं. मग बसले. थेपला खाल्ला. दुसरा खाल्ला. कुणी हाक मारली नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नव्हत्या, आठ अठराची गाडी नव्हती. खाडीवरून वारा येत होता आणि एक होडी बराच वेळ एकाच जागी होती. मी त्या ताणलेल्या चादरीवर आडवी झाले ती थेट उन्हं कलल्यावर उठले. लग्नानंतर दुपारी इतकी झोपल्याचं मला आठवत नाही. पॉइंटच्या भावात ती झोप कितीला पडली असेल ते मला माहीत नाही, पण ह्यांनी ती चुकून मला मिळवून दिली, एवढं खरं.

संध्याकाळी हे परत आले, शर्टपँट घालून, झगा पिशवीत घडी करून. बरोबर सासूबाई, बेन, बेनचे मिस्टर आणि गरम खिचडीचं पातेलं. मॅनेजर दारात आडवा आला, "सर, व्हाउचर दो जनों का है." सासूबाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. तो बाजूला झाला. आम्ही सगळे अर्ध्या भरलेल्या तलावात पाय सोडून बसलो. बेनचे मिस्टर, जे आजवर आमच्याशी फार बोलले नव्हते, तेही म्हणाले की जगह एकदम मस्त छे, आणि घरथी किती नजीक!

त्या एका संध्याकाळने ह्यांचा धंदा बसला. बिल्डिंगमध्ये गोष्ट पसरली आणि ज्याला त्याला कार्ड हवंसं झालं. सहा महिन्यांत टायवाला मुलगा आमच्याच गच्चीवर टेबल टाकून बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तेवढं घेतलं नाही. ते बँकेत होते ना. बेननी घेतलं, आणि त्यांनी शेवटचं पान उघडूनही पाहिलं नाही. पुढच्या दिवाळीत आम्ही वॉशिंग मशीन घ्यायचं ठरवलं. हे कार्ड खिशात घालून निघणार, तोच समोरचं दार उघडलं आणि बेन चपला घालून बाहेर आल्या.

"भाई, तमारुं कार्ड घरी ठेवा," त्या म्हणाल्या. "मारा कार्ड पर लो. मने डिनर सेटमा पॉइंट जरा कमी पडे छे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिना उतरायला लागले.

"पण बेन," खाली उतरताना ह्यांचा आवाज येत होता, "डिनर सेटला एका पॉइंटला तीसच पैसे पडतात हो!"

"जेवायचं तो ताटातच छे ने, भाई," बेन म्हणाल्या. "आणि रिक्षाचे पैसे हूं देईन."